तत्त्वाचा प्रश्न आहे, साहेब

सरकारी घरकुल योजनेच्या यादीवरून या आठवड्यात काय काय झालं ते जळकोटच्या पारापासून नळदुर्गच्या स्टँडपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे. पुन्हा सांगत बसत नाही. माझा राग आहे यादीतून शेजाऱ्याचं नाव काढा म्हणणाऱ्या त्या निनावी अर्जावर, आणि अर्जापेक्षाही खालच्या सहीवर: ‘एक जागरूक नागरिक’. हा नागरिक वर्षभर झोपलेला असतो. टाकी गळते, झोपलेला. शाळेत गुरुजी नाहीत, झोपलेला. वाढदिवसाच्या फ्लेक्सने चौकाचं वळण दिसेनासं होतं, तरी हा झोपलेलाच. शेजाऱ्याचं नाव यादीत आलं की मात्र खडबडून जागा. का बुवा, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘माझं त्याच्याशी काही वैर नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे, साहेब.’

हेव्याच्या बाकीच्या सबबी त्या मानाने भोळ्या. ‘माणूस आहे, वाटणारच’ ही निदान कबुली तरी झाली. ‘चढाओढीशिवाय प्रगती नाही’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावं. पण ‘तत्त्व’ म्हणजे मत्सराला घातलेला इस्त्रीचा सदरा. हे तत्त्व जागं होतं ते कशावर? २५ चौरस मीटरवर, म्हणजे २६९ चौरस फुटांवर. मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये, तेही हप्त्याहप्त्याने, प्रत्येक हप्त्यामागे पंचायत समितीच्या चकरा. शेजाऱ्याच्या दारात फुकटची ५ ब्रास वाळू पडली की याच्या तत्त्वाला पोटशूळ उठतो. पत्र्याच्या जागी स्लॅब आला की तत्त्वाची झोप उडते. आणि गंमत अशी की अर्जात ‘माझं नाव घाला’ असं कुठेच नसतं. ‘त्याचं नाव काढा’ एवढंच असतं. लोभी माणसाला निदान स्वतःसाठी काही हवं असतं. मत्सरी माणसाला फक्त दुसऱ्याकडे नको असतं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने मत्सराची व्याख्या केली ती हीच: दुसऱ्याच्या भल्याचं दुःख. ग्रामपंचायतीची आवक-जावक वही न पाहता केलेली व्याख्या, पण नेमकी बसते.

आमच्या ख्रिस्ती प्रवचनांत मत्सर म्हटला की काइन आणि हाबेल ठरलेले. काइन मला आपल्या उपयोगाचा वाटत नाही. त्याने भावाला सरळ शेतात नेऊन मारलं. तत्त्वबित्त्व काढलं नाही. आपल्यासारख्या सभ्य मत्सऱ्यांसाठी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २०वा अध्याय आहे. त्यातला द्राक्षमळा या पट्ट्यातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. रोजंदारी म्हणजे काय हेही नको. मालक पहाटे एक दिनार हजरी ठरवून मजूर नेतो. मग सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी आणि शेवटी दिवस मावळायला तासभर उरला असताना पुन्हा चौकात जाऊन आणखी माणसं आणतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच दिनार. पहाटेचे मजूर तक्रार करतात आणि तक्रार अगदी बिनतोड: आम्ही दिवसभर उन्हात राबलो, हे तासभर, आणि दोघं सारखे? यात ‘मला हेवा वाटतो’ असं एक अक्षर नाही. सगळं न्यायाच्या भाषेत. आता दिवसभराकडे पाहा. चौकात माणसं कामाविना ताटकळत होती, संध्याकाळी पोराबाळांना काय घालायचं या विवंचनेत. तेव्हा या मजुरांचा न्याय कुठे होता? ‘मालक, त्यांनाही बोलवा’ असं कुणी म्हटल्याची नोंद नाही. त्यांना काही मिळत नव्हतं तोवर न्याय झोपला होता. मिळालं तेव्हा उठला. म्हणून मालकही हिशेबावर वाद घालत नाही. ठरलेला दिनार दिला, एवढं सांगतो आणि विचारतो ते डोळ्याबद्दल. मूळ ग्रीकमध्ये शब्दच ‘वाईट डोळा’ असा आहे. दुसऱ्याचं सुख डोळ्यात खुपतं म्हणणाऱ्या मराठी माणसाला यावर भाष्य लागत नाही.

येशूच्या खटल्यातही हेच. आरोप ठेवले गेले देवनिंदेचे, राजद्रोहाचे. कायद्याची कलमं चोख. पण शुभवर्तमानकार मार्क लिहितो की रोमन सुभेदार पिलाताला पुरतं ठाऊक होतं, याजकांनी या माणसाला हेव्यापोटी धरून दिलंय. एका परक्या अंमलदाराला आरोपपत्राखालचा मत्सर दिसला. त्याने पुढे या प्रकरणातून हात धुतले, ते सोडा. हात धुण्याची परंपरा कचेऱ्यांत अजून आहे. तत्त्वाची ही भाषा आपल्याच जिल्ह्यातही ऐकू आली. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३वं साहित्य संमेलन भरलं. एकमताने निवडले गेलेले अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, अख्खं बायबल ‘सुबोध बायबल’ म्हणून मराठीत आणणारा माणूस. विरोध झाला, तोही तत्त्वाचा: धर्मगुरूचं साहित्याच्या व्यासपीठावर काय काम? आणि हा प्रश्न ज्या मांडवाबद्दल विचारला जात होता, त्या मांडवाला नाव तेरच्या गोरोबाकाकांचं! विरोध करणाऱ्यांच्या मनात मत्सर होता की आणखी काही, ते त्यांचं त्यांना माहीत. पण जे तत्त्व संताच्या नावापाशी गप्प बसतं आणि फादरच्या नावापाशी बोलू लागतं, ते गोरोबाकाकांनी थापटून पाहायला हवं होतं. मडकं कच्चं निघालं असतं.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला धार्मिक: बायबलातला देवच स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो, मग आम्हाला का बोलता? उत्तर असं की तिथली ईर्ष्या जे आपलं आहे ते तुटू नये म्हणून आहे, लग्नाच्या नात्यात असते तशी. मत्सर जे आपलं कधीच नव्हतं त्यावर असतो. देव इस्राएलसाठी झुरतो. शेजाऱ्याच्या स्लॅबसाठी नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. द्राक्षमळ्याच्या मालकाकडे दिनार भरपूर होते, सरकारी यादी मोजकी असते. माडीवाल्याचं नाव आत आलं तर झोपडीवाल्याचं बाहेर जातं, मग बोलायचं नाही का? बोलायचं, जरूर बोलायचं. माडी असेल तर तिचा फोटो लावा, ग्रामसभेत उभे राहा, खाली नाव लिहा. पण त्याच अर्जात आणखी एक ओळ घाला: अमुक विधवेचं नाव सुटलंय, तेही घ्या. ती ओळ लिहिताना हात अडला नाही, तर प्रश्न खरोखर तत्त्वाचा आहे. अडला, तर मग पोटाचा आहे.

जळकोटच्या नावातलं ‘जळ’ पाण्याचं की जळण्याचं, हा वाद मी घालत नाही. यादी लागते त्या आठवड्यात उत्तर आपोआप मिळतं. निनावी अर्ज काही बंद होणार नाहीत, फ्लेक्सही होणार नाहीत. माझी मागणी फक्त सहीपुरती आहे. ‘जागरूक नागरिक’ लिहू नका, तो सापडत नाही. तुम्ही जे आहात तेच लिहा: ‘आपला शेजारी’. येशूने ज्याच्यावर प्रीती करायला सांगितली, तोच.