आवाजाची राखण

एखाद्यावर किती विसंबावे, हा प्रश्न आपण सहसा माणसांच्या बाबतीत विचारतो. घरच्या ध्वनिमुद्रण यंत्राच्या बाबतीत तो विचारला, तर आपणही तपासले जातो.

सोनी कंपनीने १९९२ साली मिनीडिस्क आणली. अवघ्या ६४ मिलिमीटर व्यासाची तबकडी, तीही प्लॅस्टिकच्या डबीत सुरक्षित. मुद्रणाच्या वेळी लेझरचा किरण तिचा एक सूक्ष्म बिंदू तापवितो, वरचे चुंबकीय टोक त्याला दिशा देते, आणि बिंदू निवताच ती दिशा तिथेच गोठते. ही रचना मोठी टिकाऊ. त्या मानाने, १९९७ साली फिलिप्सने घरगुती वापरासाठी आणलेल्या सीडी-रेकॉर्डरची तबकडी नाजूक. तिच्यातील रंगद्रव्याचा थर कडक उन्हाने बिघडतो. परंतु मिनीडिस्कचे दुःख वेगळेच आहे. तबकडी शाबूत राहते आणि यंत्र थकते. रबरी पट्टा सैल पडतो, लेझर मंदावतो. सोनीने ही यंत्रे २०१३ साली बंद केली, कोऱ्या तबकड्या २०२५ साली. आवाज सुखरूप आहे, पण तो ऐकविणारे कोणी नाही!

तेव्हा वेळीच प्रत काढणे हाच उपाय. खरा नैतिक पेच उद्भवतो तो इथे. अमेरिकेच्या १९९२च्या कायद्याने अशा यंत्रांत एक व्यवस्था सक्तीची केली. तिचे नाव सिरियल कॉपी मॅनेजमेंट सिस्टीम. डिजिटल प्रतीवरून पुन्हा डिजिटल प्रत निघू नये, हा तिचा उद्देश. गायक-वादकांच्या श्रमाचे मोल बुडू नये, ही त्यामागील भावना रास्तच होती. विकत घेतलेल्या गाण्याच्या फुकट प्रती वाटणारा माणूस दुसऱ्याच्या कष्टावर हात मारतो, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

परंतु यंत्राला चोर आणि वारस यांतला भेद कळत नाही. मायक्रोफोनने टिपलेल्या आजीच्या आवाजावरही ते तीच खूण उमटविते. त्याची एक डिजिटल प्रत निघेल, त्या प्रतीची मात्र निघणार नाही. लेकीला मिळाले ते नातीला नाकारले जाते. ही खूण चुकविणे म्हणजे चोरी काय? चोरी परक्या वस्तूची होते. आजीचा आवाज तिच्या नातवंडांना परका कसा? जो नियम आपल्याच ठेव्याचे जतन अडवितो, त्याचा हेतू कितीही चांगला असो, त्या ठेव्यापुरता तो अन्यायच होय.

सुदैवाने एक जुनी वाट खुली आहे. साध्या तारेने आवाज बाहेर काढून दुसऱ्या यंत्रात उतरविता येतो. शुद्धता किंचित उणावते, आवाज राहतो. मात्र ७४ मिनिटांची तबकडी उतरवायला पुरती ७४ मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ घरातील कोणाला तरी आजीचे बोलणे ऐकत बसावे लागते.