झिजणारा भाग

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात आणि अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या टॉवरांच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये सध्या 'स्कँडिनेव्हियन लूक' जोरात आहे. पांढरट लॅमिनेट, तिरके निमुळते पाय, आत पार्टिकल बोर्ड, आणि वर 'आयुष्यभर टिकेल' अशी ग्वाही. उल्हास नदी २६ जुलै २००५ला आणि पुन्हा २०१९च्या जुलैत लोकांच्या तळमजल्यांत शिरली, तेव्हा असल्या ग्वाहीचं काय होतं ते बदलापूरने पाहिलं आहे. सागवानी पाट वाळतो. बोर्ड फुगतो आणि फुगलेलाच राहतो. (स्वीडिश मंडळी या पट्ट्यात फार आधी येऊन गेली आहेत म्हणा. अंबरनाथची विमको, म्हणजे काडेपेट्यांचा कारखाना, त्यांचाच होता. पण तिथल्या लाकडाने टिकावं अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती.)

डेन्मार्कची गोष्ट फर्निचरवाल्यांना तोंडपाठ असते. कोरे क्लिंटने १९२४ मध्ये कोपनहेगनच्या अकादमीत फर्निचरचं शिक्षण सुरू केलं, मग हान्स वेग्नर आणि मोगेनसन आले. १९६०च्या टीव्हीवरच्या वादचर्चेत केनेडी वेग्नरच्या खुर्चीत बसले आणि तिचं नाव जगभर झालं. यातून सगळे एकच निष्कर्ष काढतात: चांगलं लाकूड, साधी रेषा, हातकाम, म्हणून टिकाऊ. मला हे अर्धवट वाटतं.

वेग्नर १९१४ साली सीमेलगतच्या, आज डेन्मार्कमध्ये पण तेव्हा जर्मनीत असलेल्या एका गावात जन्मला. बाप जोडे शिवायचा. पोरगा मिसरूड फुटायच्या वयात सुताराकडे उमेदवारीला लागला. जोड्याचा तळ झिजला की तेवढाच बदलायचा, वरचं चामडं ठेवायचं, हे त्या घरात कुणी शिकवलं नसणार. रोज दिसत असणार. हा माझा तर्क आहे. पण त्याची १९४९ची, वाय आकाराच्या पाठीची खुर्ची पाहा. चौकट लाकडाची, बैठक सुमारे १२० मीटर पिळाच्या कागदी दोरीची. चौकट राहणार आणि दोरी झिजणार, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं. दोरी गेली की नवी विणून घ्यायची. आपल्या कचेऱ्यांतल्या वेताच्या खुर्च्या याच न्यायाने दोन-दोन पिढ्या चालल्या. आणि वेग्नरची ही खुर्ची कारखान्यासाठीच काढलेली होती; बैठक तेवढी हाताने विणतात. तेव्हा यंत्र आलं आणि टिकाऊपणा गेला, हे रडगाणं इथे लागू पडत नाही.

आपल्याकडे गावचा सुतार नांगराचे नगावर पैसे घेत नसे. बलुत्याच्या धान्यात वर्षाची दुरुस्ती धरलेली असे. जातीने जखडलेला तो व्यवहार परत यावा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. मात्र वस्तू हातात दिली आणि संबंध संपला, असं त्यात होत नव्हतं.

आता ती बदनाम तारीख, १९५६. आयकियाच्या गिलिस लुंडग्रेनने टेबल मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले. टीकाकार इथेच बोट ठेवतात: सुटे पाय आले आणि फर्निचर तकलादू झालं. साफ चूक. जुने सागवानी पलंगही सुटे करूनच जिन्यावरून चढवत. अकरा महिन्यांच्या करारावर घर बदलणाऱ्या बदलापूरच्या भाडेकरूला तर सुटं होणारं टेबलच हवं. वर्षाला एकदा तरी ते खोलायचं आणि जोडायचं असतं.

प्रश्न पाय काढण्याचा नाही, पाय ज्यात बसतो त्याचा आहे. १९७९ मध्ये त्याच लुंडग्रेनचं 'बिली' नावाचं पुस्तकांचं कपाट आलं, पार्टिकल बोर्डाचं. खरा बदल या दोन तारखांच्या मधे आहे. लाकडाचा चुरा राळेत दाबून केलेल्या त्या फळीत स्क्रू पहिल्यांदा घट्ट बसतो, दुसऱ्यांदा सैल, तिसऱ्यांदा नुसता फिरतो. सागवानात भोक गेलं तर सुतार खुंटी ठोकून शेजारी नवं पाडतो. म्हणजे खोलता येण्याची सोय शिल्लक राहिली, फक्त ती एकदाच वापरण्यापुरती.

असल्या तकलादू मालासाठी उल्हासनगरला झोडपायची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. ज्या १९४९मध्ये वेग्नरची खुर्ची झाली, त्याच वर्षी ८ ऑगस्टला राजगोपालाचारींनी या शहराची कोनशिला बसवली. फाळणीनंतर इथल्या लष्करी बराकींत राहणाऱ्या निर्वासिताला पलंग आजच्या आज आणि स्वस्तात हवा होता. स्वस्त आणि टिकाऊ यांचं वैर असतं असंही नाही. मोगेनसनची १९४७ची खुर्ची डेन्मार्कच्या ग्राहक सहकारी संस्थेसाठी, साध्या घरांसाठीच केलेली होती, आणि ती आजही बनते.

आणि झिजणारा भाग बदलायचा हे आपल्या बाजाराला ठाऊक नाही असंही नाही. सोफ्याचा फोम आणि कापड बदलून देणारे या तिन्ही गावांत गल्लोगल्ली आहेत. मग डायनिंग सेट घेताना बैठक सुटी मिळेल का, पायाचा बोल्ट चौथ्यांदाही बसेल का, एवढंच विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी विक्रेता उत्तर म्हणून शेजारचा, जास्त महागाचा सेट दाखवतो.