वाणीचं तप आणि एक फॉरवर्ड



आजचं चिंतन गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या पंधराव्या श्लोकावर. या ठिकाणी भगवंत तीन तपं सांगतात. आधी शरीराचं, मग वाणीचं, शेवटी मनाचं. तप म्हटलं की आपल्याला उपास, जागरणं, हिमालय आठवतो. पण मधलं तप जिभेचं आहे आणि ते घरबसल्या करायचं आहे. त्याच्या कसोट्या चार. आपल्या बोलण्याने समोरच्याचं मन अस्वस्थ होऊ नये. बोलणं खरं असावं. ते ऐकायला गोड असावं आणि त्यात त्याचं भलं असावं. चारही एकदम हव्यात बरं का! नुसतं "मी खरं बोललो" म्हणून सुटका नाही.

हा श्लोक मी कितीदा तरी वाचला होता. कळला मात्र लोकलच्या डब्यात.

मी बदलापूरचा. 21 ऑक्टोबर 2019 ला आयुष्यातलं पहिलं मत दिलं. शाईच्या बोटाचा फोटो स्टेटसला ठेवला, आईने कौतुक केलं. महिनाभराने, 23 नोव्हेंबरला सकाळी उठतो तर टीव्हीवर एक शपथविधी. पाच दिवसांनी दुसरा. पुढे 2022 मध्ये एक पक्ष फुटला, 2023 मध्ये दुसरा. माझं मत नक्की कुठे जाऊन पडलं, हे मला आजही सांगता येणार नाही. तुमच्यापैकी अनेकांचं असंच झालं असेल.

म्हणून 20 नोव्हेंबर 2024 ला, विधानसभेच्या वेळी, मी गेलोच नाही. सुट्टी होती, झोपलो. "सगळे सारखेच," असं म्हणून मोकळा झालो. आपण या चिखलाच्या बाहेर आहोत, असं मनातल्या मनात वाटायचं. खोटं कशाला बोलू, त्यात थोडा अभिमानही होता.

पण मी खरंच बाहेर होतो का?

त्या प्रचाराचे दिवस आठवा. "बटेंगे तो कटेंगे", "व्होट जिहाद", दुसरीकडून धर्माच्याच नावाने उलटी आवाहनं. रस्ते, पाणी, लोकलची गर्दी यांवर कोणी बोलेना. आणि फोनवर व्हिडिओंचा पूर.

आमच्या डब्यात सकाळी भजन चालतं. टाळ असतात, उरलेला ठेका पत्र्यावर. आमच्यातला एक मित्र मुसलमान. मी बदलापूरला चढायचो आणि अंबरनाथपर्यंत त्याची जागा धरून ठेवायचो. तो भजन म्हणायचा नाही, पण मांडीवरच्या बॅगेवर त्याची बोटं बरोबर तालात पडायची. आमच्यातले एक काका नव्या पोरांना म्हणायचे, "ठेका त्याच्याकडून शिका."

मतदानाच्या आधी एका रात्री मला एक व्हिडिओ आला. मारहाणीचा. खाली लिहिलं होतं, आपल्याच जिल्ह्यातला आहे. मी तपासलं नाही. डब्याच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, "झोपा अजून." दहा मिनिटांत मित्र ग्रुपमधून बाहेर पडला. एक शब्द नाही, राग नाही. दुसऱ्या दिवशी अंबरनाथ आलं, त्याची जागा रिकामीच राहिली. दोन दिवसांनी कोणीतरी दाखवलं, व्हिडिओ कित्येक वर्षं जुना होता आणि महाराष्ट्रातला नव्हताच. मी तो डिलीट केला. माणूस मात्र डिलीट बटणाने परत येत नाही.

ज्या बोटाला शाई लावायचा मला कंटाळा आला होता, त्याच बोटाने मी हे केलं होतं. नेत्यांनी द्वेष पेरला, हे मान्य. पण माझ्या मित्राच्या फोनपर्यंत तो कोणा नेत्याने नाही, मी पोचवला. श्लोकाच्या चार कसोट्यांपैकी एकीवरही तो मेसेज टिकत नव्हता. आणि मी त्या आठवड्यात उपास अगदी नेमाने केला होता!

आता भिवंडीचं सांगतो. आपलं बदलापूर मुरबाड विधानसभेत येतं आणि लोकसभेला आपण भिवंडी मतदारसंघात. म्हणजे भिवंडीकर आणि आपण एकाच खासदाराचे मतदार. त्या गावाने मे 1970 मध्ये आणि मे 1984 मध्ये भयंकर दंगली पाहिल्या. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं, सोबत पोलीस, नियमित बैठक. भांडण लहान असतानाच बोलायचं, अफवा आली की तिथेच विचारायची. मग डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 आले. मुंबईत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे 900 माणसं गेली. भिवंडी, जिच्याबद्दल सगळ्यांना धास्ती होती, ती शांत राहिली.

भिवंडी कायमची शांत झाली असं नाही. 2006 मध्ये तिथे पुन्हा रक्त सांडलं. पण म्हणूनच मला वाटतं, ही बैठक एकदा बसून संपत नाही. जेवणासारखी ती रोजची आहे. वाणीचं तप म्हणतात ते हेच. आग लागल्यावर गोड बोलून काय उपयोग? आग नसताना बोलत राहायला हवं.

मी एक दिवस अंबरनाथला उतरलो आणि शेजारच्या डब्यात चढलो. तो दारातच उभा होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, "व्हिडिओ तू पाठवलास ते नाही लागलं रे. पाठवताना मी त्या ग्रुपमध्ये आहे, हे तुला आठवलंच नाही. ते लागलं." यावर मला काही बोलता आलं नाही. ठाणं आलं, तो उतरला.

गेल्या डिसेंबरात, 2015 नंतर थेट 2025 मध्ये, आपल्या नगरपरिषदेची निवडणूक झाली. या वेळी मी मत दिलं. राजकारणावर विश्वास बसला म्हणून नाही. फळ आपल्या हातात नाही, हे गीतेतलं सांगणं मी इतके दिवस घरी बसायचं कारण म्हणून वापरत होतो. भगवंतांनी तर ते अर्जुनाला उठवायला सांगितलं होतं.

मित्र अजून शेजारच्याच डब्यातून जातो. दोनदा आमच्याकडे आला, भजन संपेपर्यंत बसला, बोलला कमी. बॅगेवर बोटं पडली नाहीत. मी बदलापूरला चढलो की रोज त्याची जागा धरतो. अंबरनाथनंतर कोणीतरी बसतंच.

आजचा संकल्प छोटा ठेवूया. काहीही पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न: कोणाचं मन दुखेल का? खरं आहे का? आपल्या तोंडाने हेच समोरासमोर बोललो असतो का? यात कोणाचं भलं आहे? एकाचंही उत्तर अडलं, तर फोन खाली ठेवायचा आणि एक माळ नामाची करायची.

आणि तुमचा कोणी असाच एखाद्या ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडला असेल, तर आज त्याला फोन करा. मेसेज नको, फोनच करा.

राम कृष्ण हरी.