लक्कम्मांचे तांदूळ आणि लिलावातले शेत



आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या शरण दांपत्याची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. कल्याणात महात्मा बसवण्णांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक होते. त्या तांदळांवर दासोह चाले आणि मग हे दोघे प्रसाद घेत. एके दिवशी मारय्यांनी रोजच्यापेक्षा अधिक तांदूळ आणले. लक्कम्मांनी ओटी पाहिली आणि सांगितले, हे आपल्या गरजेपेक्षा जास्त आहेत, जेथून आणले तेथे परत टाकून या. मारय्या निमूटपणे परत गेले.

येथे क्षणभर थांबा. ते तांदूळ चोरीचे नव्हते. सांडलेलेच होते. पंचांपुढे गेले असते तर मारय्या निर्दोष ठरले असते. तरीही लक्कम्मांच्या चुलीवर ते चढले नाहीत. जगाच्या दृष्टीने निर्दोष असणे वेगळे आणि इष्टलिंगाला अर्पण करण्याजोगे असणे वेगळे, हे त्या माउलीने ओळखले होते.

आता आपल्या घराकडे वळू. सीमाभागातील आपली कितीतरी कुटुंबे पांगली आहेत. एक भाऊ गावी शेत करतो, दुसरा वडोदऱ्यास किंवा हैदराबादेस नोकरीला, बहीण सासरी. वडील लिंगैक्य होऊन वर्षे लोटली, पण वाटणीपत्र झालेले नाही. उताऱ्यावर थोरल्याचे नाव, सारा तोच भरतो, घरफाळ्याची पावतीही त्याच्याच नावाची. हळूहळू त्याला वाटू लागते, जो भरतो त्याचेच शेत. पण उताऱ्यावरील नोंद ही महसूल वसुलीसाठी असते, तिने मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. कोणी एकाने सारा भरला म्हणून दुसऱ्याचा हिस्सा बुडत नाही.

याहून वाईट वाट दुसरी आहे. समजा, सारा आणि इतर सरकारी देणे मुद्दाम थकवले. नोटीस गावी आली, ती परगावच्या भावाला कळवली नाही. थकबाकीसाठी जमीन लिलावात निघाली आणि थोरल्याने ती स्वतःच, किंवा मेहुण्याच्या नावावर, विकत घेतली. असा लिलाव ठराविक मुदतीत थकबाकी आणि भरपाई भरून रद्द करून घेता येतो. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेत ती मुदत ३० दिवसांची आहे. पण ज्याला कळलेच नाही, त्याच्या हातून ३० दिवस केव्हाच निघून जातात. थोरला म्हणतो, मी सरकारकडून घेतले, माझ्याजवळ विक्रीचा दाखला आहे.

त्या दाखल्याबद्दल कायदा काय म्हणतो पाहा. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाचे कलम ९० सांगते की, सहहिस्सेदाराने आपल्या स्थानाचा उपयोग करून इतरांच्या हक्काला बाध आणणारा लाभ मिळवला, तर तो लाभ त्याने सर्वांच्या वतीने धारण केला असे समजावे. इतरांनी मात्र त्याच्या योग्य खर्चातील आपला वाटा त्याला परत द्यावा. त्याच कलमाखाली एक उदाहरण दिले आहे. गहाण घेणारा जमिनीचा कब्जा घेतो, स्वतः लिलावात घेता यावी म्हणून सारा थकवतो आणि ती विकत घेतो. कायदा म्हणतो, त्याचे येणे आणि खर्च वजा जाता ती जमीन त्याने मूळ मालकासाठीच धरून ठेवली आहे. इंग्रजी अमदानीतील कायद्यालाही जे दिसले, ते शरणांच्या वंशजांना दिसू नये काय?

बहिणींचेही तसेच. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा वीरशैव आणि लिंगायत यांचे नाव घेऊन आपल्याला लागू झालेला आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीलाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि वडील त्या दिवशी हयात नसले तरी तो हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तरीही पंचमीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे चोळी-पातळासोबत हक्कसोडीचा कागद ठेवला जातो. ती सही करते, कारण तिला माहेर तुटायला नको असते. स्वखुशीने सोडलेला हक्क आणि भीतीने सोडलेला हक्क कागदावर सारखेच दिसतात. लिंगापुढे ते सारखे नाहीत.

आता परगावच्या भावालाही दोन शब्द. वीस वर्षे साऱ्याचा एक पैसा पाठवला नाही, विहिरीच्या खर्चाला हात लावला नाही, आईच्या आजारपणात पाऊल घातले नाही, आणि जमिनीला भाव आला तेव्हा वकिलाची नोटीस घेऊन उतरलात, तर तुमचीही ओटी गरजेपेक्षा जास्तच भरलेली आहे. कलम ९० तुमच्याकडून खर्चाचा वाटा मागते, तो आधी द्या. गावी राहून ज्याने बांध राखला, त्याचे कायक मोजल्याशिवाय वाटणी न्यायाची होत नाही.

म्हणून सांगणे साधे आहे. सर्व वारसांची नावे वेळीच नोंदवा. साऱ्याच्या आणि फाळ्याच्या पावत्या एका पिशवीत ठेवा आणि वर्षातून एकदा सर्वांना दाखवा. नोटीस आली तर त्याच दिवशी भावाला कळवा. वाटणीला बसाल तेव्हा बहिणींना बोलवा, आणि त्या बोलेपर्यंत सही मागू नका. चूक होऊन गेली असेल तर लिलावाचा आणि भरलेल्या साऱ्याचा हिशेब मांडा, ज्याचा वाटा त्याला द्या. कोर्टात तुमच्या नातवंडांना जे करावे लागेल, ते तुम्ही आज घरच्या कट्ट्यावर करू शकता.

बसवण्णांनी शरणांना घालून दिलेल्या शीलात पहिला निषेध चोरीचा आहे. भावाला न कळवलेली नोटीस ही चोरीच आहे, मग ती कुलूप न तोडता केलेली का असेना. त्या शेताची जोंधळ्याची भाकरी तुम्ही रोज तळहातावरील लिंगाला दाखवणार. लिंग ती स्वीकारील का, हा प्रश्न तलाठ्याला विचारू नका, वकिलालाही विचारू नका. संध्याकाळी पूजेपूर्वी घरातल्या लक्कम्मेला विचारा. आणि ती म्हणाली, परत टाकून या, तर मारय्यांसारखे निमूटपणे उठा.

शरणु शरणार्थी.