आधी कार्ड की आधी जखम?



गेल्या उन्हाळ्यात अजमानहून आम्हांस एक टेलिफोन आला. बोलणारा अलिबागकडचा, त्याचे आजोबा आणि आमचे वडील एकाच आळीत वाढलेले. हा मुलगा अजमानच्या औद्योगिक वस्तीत पत्र्याच्या कामावर आहे. खुशाली विचारता विचारता गोष्ट निघाली की पायाला पत्रा लागला आणि जखम चिघळली. "काका, डॉक्टर नसला तरी चालेल. त्याच्या हाताखालच्या असिस्टंटने पाहिले तरी पुरे. पण माझे कार्ड घेणारा कोणी सापडत नाही."

अजमान ही सात अमिरातींत सर्वांत लहान. अबू धाबी व दुबई येथे कामगारांचा आरोग्य विमा आधीच सक्तीचा झाला होता. अजमान, शारजा आदी उत्तरेकडील अमिरातींत तो १ जानेवारी २०२५ पासून झाला. मालकाने सरकारमान्य विमा काढल्याशिवाय आता राहण्याचा परवाना मिळत नाही; २०२५ साली हा विमा वर्षाला ३२० दिरहमपासून मिळे. दवाखान्यात तपासून घेतल्यास खर्चाचा चौथा हिस्सा रोग्याने द्यायचा, तोही एका खेपेस १०० दिरहमपर्यंत. हे चांगलेच झाले. पूर्वी सारे मालकाच्या मर्जीवर असे. पण हे कार्ड सर्वत्र चालत नाही. योजना जाहीर झाली तेव्हा यादीत ७ रुग्णालये, ४६ दवाखाने आणि ४५ औषधांची दुकाने होती. आमचा मुलगा दोन दवाखान्यांतून परतला. दोन्हीकडे खिडकीवर आधी कार्ड मागितले. पाय कोणी पाहिला नाही.

दवाखानेवाल्यांना दोष देणे सोपे आहे. जागेचे भाडे, नर्सांचे पगार, विम्याचे ठरलेले कमी दर, हे त्यांच्या मागे लागलेलेच असते. अमेरिकेतही गरिबांच्या मेडिकेडचे कार्ड सगळेच डॉक्टर घेत नाहीत. मग एकट्या अजमानला बोल का लावावा?

परंतु त्याचा पुढचा प्रश्न आम्हांस अधिक बोचला. "स्वस्त कार्डवाल्याला असिस्टंट आणि महाग कार्डवाल्याला डॉक्टर, असेच ना काका?"

असिस्टंट म्हणजे हलका माणूस, ही समजूत आम्हांस मान्य नाही. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १९६५ साली या शिक्षणाची पहिली तुकडी बसली, ती नौदलात जखमा बांधून आलेल्या माणसांची. भारतात मद्रासला १९९२ साली असे शिक्षण सुरू झाले, आणि २०२१ च्या कायद्यात या व्यवसायाचा समावेश झाला. कोकणात तर कंपौंडरच्या हातावर आपल्या किती पिढ्या वाढल्या! पाय धुऊन पट्टी बांधायला आणि धोका वाढलाच तर वेळीच डॉक्टरला हाक मारायला तो पुरेसा आहे. मात्र कोणाला असिस्टंटने पाहावे आणि कोणाला डॉक्टरने, हे जखम पाहून ठरले पाहिजे. कार्ड पाहून ठरत असेल तर तो शुद्ध पंक्तिभेद आहे, आणि मुलाची शंका खरी आहे.

आपल्या तालमूदात तानीथच्या भागात अब्बा उमना याची गोष्ट आहे. हा वैद्यदेखील नव्हे, तुंबड्या लावून रक्त काढणारा. पण त्याला स्वर्गातून रोज सलाम येई. अबाये एवढा मोठा विद्वान, त्याला तो शब्बाथच्या आदल्या दिवशी येई. आणि रावा यास वर्षातून एकदा, किप्पूरच्या आदल्या दिवशी. अबाये खिन्न झाला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की अब्बा करतो ते तुला करता येणार नाही. अब्बा काय करी? त्याने पैसे टाकण्याची जागा बाहेर आडोशाला केली होती. ज्याच्यापाशी होते तो टाकी. ज्याच्यापाशी नव्हते तो न लाजता येऊन बसे. अब्बाने धंदा सोडून धर्मादाय काढला नव्हता, हे ध्यानात घ्यावे. पैसे घेणे चालूच होते. ते कोठे घ्यावेत एवढाच त्याने विचार केला. आजचा विमा हा खरे तर तसाच आडोसा व्हायचा होता. पैसे आधीच भरलेले, तेव्हा रोग्याने खाली मान घालून बसण्याचे कारण नाही. पण खिडकीवर कार्ड दाखवायचे म्हटले की आडोसा गेला.

आठ दिवसांनी मुलाचा पुन्हा टेलिफोन आला. तिसऱ्या ठिकाणी एका असिस्टंटने आधी पाय धुतला, पट्टी बांधली आणि मग कार्ड मागितले. कार्ड तेथे चालत होते. आपला चौथा हिस्सा मुलाने भरला. तो माणूस कोणत्या देशाचा, हे विचारायचे राहून गेले म्हणाला.

आम्ही हे सर्व मोठ्या तोऱ्यात लिहीत आहोत. पण येथे इस्राएलातही पाहावे. १९९५ पासून लागू झालेल्या कायद्याने आपणा सर्वांना कुपात होलीमचे कार्ड आहे. आपल्या म्हाताऱ्यांची उठबस करायला आलेल्या परदेशी बायकांना ते नाही. त्यांचा विमा मालकाने, म्हणजे आपणच, खाजगी कंपनीकडून काढायचा असतो. आमच्या थोरल्या बहिणीकडे केरळची एक बाई आहे. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ती म्हणाली, बरे वाटत नाही. आम्ही पहिला प्रश्न केला तो विम्याचे कागद कोठे ठेवले आहेत हा. ताप किती आहे, हे संध्याकाळी विचारले.