अंगणात आलेले पाखरू कोणाचे?

एखाद्या सकाळी अंगणात एक कबूतर येऊन बसते. देवळाच्या शिखरात किंवा विहिरीच्या कपारीत राहणारा आपला नेहमीचा निळसर पारवा नव्हे. हे पांढरे असते, नाहीतर कबरे, आणि पायात कडे असते. माणूस जवळ गेला तरी उडत नाही. चार पावले सरकते आणि पुन्हा थांबते. पोरे गोळा होतात. आजी म्हणते, "देवानं धाडलंय, ठेवून घ्या." सून म्हणते, "घरात कबूतर नको बाई, हाकला त्याला." शेजारचे मांजर कुंपणावर बसून तिसराच बेत करीत असते. आता घरधन्याने काय करावे?

प्रश्न दिसायला लहान आहे. पण सर्वांभूती भगवद्भाव असावा असे आपण कीर्तनात रोज ऐकतो, आणि त्याची परीक्षा अशा लहान प्रश्नांतच होते. मोठ्या प्रसंगी चारचौघे बघत असतात. अंगणात बघायला कोणी नसते.

प्रथम हे पाखरू कोण ते पाहू. पारवा आणि कबूतर एकाच जातीचे; पण कबूतर हजारो वर्षे माणसाच्या हाताखाली वाढलेले. ढाबळीत जन्मले, ओंजळीतले दाणे खाल्ले. रानात दाणा कुठे शोधावा हे त्याला ठाऊक नसते. त्याच्या अंगी एक गुण मात्र थोर आहे. सांडणीच्या कबुतराला शेकडो मैलांवर नेऊन सोडा, ते आपल्या ढाबळीकडे परत जाते. याच गुणावर ओडिशाच्या पोलिसांनी १९४६ साली निरोप नेणारी कबुतरे पाळली, आणि १९४८ साली पंडित नेहरूंचा निरोप संबळपूरहून कटकला कबुतरानेच पोचवला. परंतु वाटेत वादळ लागते, ससाणा मागे लागतो, तहान लागते. मग पाखरू दिसेल त्या अंगणात उतरते. म्हणजे ते बहुधा आपल्याकडे राहायला आलेले नसते. ते घरी निघालेले असते आणि वाटेत थकलेले असते.

वारकऱ्याला हे निराळे समजावून सांगायला नको. वारीत एखादी म्हातारी चुकते. आपण काय करतो? "माउली, बसा" म्हणतो, पाणी देतो, भाकरी देतो, आणि विचारतो, "तुमची दिंडी कोणती? रथापुढची का रथामागची? नंबर किती?" मग तिला तिच्या दिंडीत नेऊन पोचवतो. विठ्ठलाने आमच्याकडे धाडली, आता ही आमचीच, असे कोणी म्हणत नाही. चुकली तर चुकू दे, असेही म्हणत नाही. कबुतराच्या पायातले कडे हा त्याचा दिंडीचा नंबरच समजा.

तेव्हा करायचे ते सोपे आहे. आधी मांजर-कुत्रे दूर करा. खोलगट भांड्यात पाणी ठेवा. कबूतर इतर पाखरांसारखी मान वर करून घोट घेत नाही, चोच बुडवून गुरासारखे ओढून पिते. ज्वारी, बाजरी, गहू, मका, वाटाणा यांतले असेल ते कोरडे धान्य द्या. दूध-पाव, शिजलेला भात नको. भोके पाडलेल्या खोक्यात, ओसरीवर सावलीत, एक-दोन दिवस विसावू द्या. विष्ठेची वाळलेली धूळ छातीला बाधते, म्हणून खोके निजायच्या खोलीत ठेवू नका, झाडण्याआधी पाणी शिंपडा आणि हात धुवा. कड्यावर अंक किंवा फोन असेल तर मालकाला कळवा. नसेल तर गावातल्या कबूतर पाळणाऱ्यांकडे विचारा. पंख लोंबत असेल, पायात मांजा रुतला असेल किंवा मांजराचा दात लागला असेल, तर जखम इवलीशी दिसली तरी गुरांच्या डॉक्टरांकडे न्या. अंगाने धड असेल, तर दोन दिवसांनी सकाळी ऊन पडल्यावर खोके उघडा.

येथे कोणी शंका घेईल : इतकी सेवा केली, पोरांना लळा लागला, मग ठेवले तर बिघडले काय? काही जण तर परके पाखरू जाऊ नये म्हणून त्याचे पंख बांधतात. बाबांनो, याला दया म्हणायचे का? भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक कपोत आहे. नाथमहाराजांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या टीकेत ही कथा मराठीत आणली. पारध्याने पिले जाळ्यात धरली, आणि त्यांच्या मोहाने मादी व तिच्यामागे नर आपण होऊन जाळ्यात पडले. अतिममत्वाने जीव अडकतो, हा तिथला बोध. तिथे पाखरू ममत्वाने जाळ्यात गेले. इथे आपल्या ममत्वाचे जाळे पाखरावर पडते. दयेला दार असते, ममत्वाला कुलूप असते. एवढी खूण पुरे.

दुसरे टोक संशयाचे. मे २०२३ मध्ये मुंबईत बंदराजवळ एक कबूतर सापडले. पायांत कडी, पंखावर चिनीसारखी अक्षरे. झाले, हेर म्हणून संशय आला! आठ महिने ते पशुरुग्णालयात अडकून पडले. शेवटी ते तैवानकडचे शर्यतीचे, वाट चुकलेले पाखरू निघाले, आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीस त्याला सोडण्यात आले. चौकशी करू नये असे नाही. पण पाखराला आपली बाजू सांगता येत नाही. म्हणून ज्याने धरले त्यानेच ती लवकर तपासली पाहिजे.

आता खरी अडचण. मालक सापडत नाही, किंवा "नको मला ते" म्हणतो. पाखरू उडत नाही. समारंभात शोभेसाठी उडवलेली पांढरी कबुतरे पुष्कळदा अशीच असतात. घरचा रस्ता ठाऊक नाही, दाणा शोधता येत नाही. त्यांना 'मुक्त' करणे म्हणजे ससाण्याच्या स्वाधीन करणे. इथे दार उघडून हात झटकणे हा धर्म नव्हे. जाणत्या पाळणाऱ्याच्या हवाली करा. तोही न मिळाला तर ठेवा, पण ठेव म्हणून ठेवा. ठेवीवर आपली मालकी नसते, तिची राखण मात्र करावी लागते.

आणि एकाला दाणा दिला म्हणून गल्लीत पोती ओतायला लागू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत दादरचा कबूतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हा दाणा घालणारे आणि छातीच्या दुखण्याला भिणारे समोरासमोर उभे राहिले. भूतदयेतल्या भूतांत शेजाऱ्याचे म्हातारे आईबापही येतात, हे विसरून कसे चालेल?

तात्पर्य, आलेल्या जीवाला हाकलू नये, आणि आला म्हणून धरूनही ठेवू नये. पाणी द्यावे, दाणा द्यावा, त्याची दिंडी विचारावी. आपणही या अंगणात चार दिवस विसाव्यालाच उतरलो आहोत. आपल्याशी कोणी जसे वागावे असे वाटते, तसे पाखराशी वागावे. रामकृष्णहरी.