रेषेला रेषा भिडते, ती नेमकी कुठे?

ऑटोकॅडमध्ये खोलीच्या चार भिंती काढून झाल्या. पडद्यावर चारही कोपरे जुळलेले दिसतात. फरशीचा नमुना भरायला ‘हॅच’ दिलं, तर सॉफ्टवेअर म्हणतं, हद्द बंद नाही. ड्राफ्ट्समन झूम करत आत जातो आणि एका कोपऱ्यात दोन टोकांमधली फट उघडी पडते. तिथे टोक ‘एंडपॉइंट स्नॅप’ने पकडलेलं नसतं, नजरेच्या अंदाजाने टेकवलेलं असतं.

दिसतं ते खरं की बुद्धीला कळतं ते, हा प्रश्न प्लेटोने भूमितीच्याच आधारे मांडला होता. ‘रिपब्लिक’च्या सहाव्या भागात तो म्हणतो, भूमितिकार आकृती काढतात, पण चिंतन करतात ते मूळ चौरसाचं, मूळ कर्णाचं. युक्लिडची रेषा तर रुंदी नसलेली लांबी. ती कागदावर उतरणारच नाही. कॅडने हा भेद रोजच्या कामात आणून ठेवला. पडद्यावरचे ठिपके हे रेषेचं दर्शन. रेषा असते ती टोकांच्या अंकांत.

मग परिपूर्ण चौरस अखेर संगणकात सापडला?

नाही. असे अंक साधारणपणे 64 बिटांत साठवले जातात, म्हणजे जेमतेम 15-16 सार्थ अंक. एक मीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण 2 चं वर्गमूळ; त्याचे दशांश संपतच नाहीत, म्हणून साठवताना ते कुठेतरी तोडावे लागतात. 100 मीटरच्या चौरसात ही चूक अणूच्या व्यासाहून हजारो पट लहान असते, पण शून्य नसते.

वैदिक यज्ञाची वेदी रचणाऱ्यांपुढेही हीच अडचण होती. श्येनचितीचं, म्हणजे ससाण्याच्या आकाराच्या वेदीचं, क्षेत्रफळ साडेसात चौरस पुरुष (‘पुरुष’ हे लांबीचं माप), पाच थर, दर थरात 200 विटा. माप चुकलं तर कर्मात दोष. बौधायनाच्या शुल्बसूत्रात 2 च्या वर्गमूळाची किंमत 577/408 येते. 100 मीटरच्या चौरसाच्या कर्णात तिने सुमारे 0.2 मिलिमीटरचा फरक पडतो. ही अचूकता थक्क करणारी आहेच. पण त्याहून मोलाचं आहे ते त्याच सूत्रातलं दुसरं विधान: चौरसाच्या कर्णावर दोरी ताणली की दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू मिळते. इथे अंक लागतच नाही. संख्या अपुरी राहिली तरी संबंध पुरा असतो, आणि वेदीचा नेमकेपणा त्या संबंधात आहे.

आयव्हन सदरलँड यांनी 1963 मध्ये एमआयटीतल्या प्रबंधात ‘स्केचपॅड’ हे संगणकावर आकृत्या काढण्याचं सॉफ्टवेअर मांडलं, तेव्हा यंत्राला संबंधांची हीच भाषा शिकवली. प्रकाशलेखणी रेषेच्या जवळ आली की यंत्र ती रेषेवरच आहे असं धरून चाले. वेड्यावाकड्या रेषा काढून ‘या समांतर’, ‘या काटकोनात’ असं सांगितलं की यंत्र त्या तशा करून घेई.

आजचा साधा स्नॅप मात्र संबंध क्लिकपुरताच पाळतो. त्यानंतर ड्रॉइंगमध्ये उरतात ते अंक. एक भिंत सरकवली तर शेजारची जागीच राहते. संबंध टिकवायचा तर तो ‘पॅरामेट्रिक कन्स्ट्रेंट’ म्हणून वेगळा नोंदवावा लागतो. ऑटोकॅडमध्ये ही सोय 2010 च्या आवृत्तीत आली, सदरलँड यांच्या प्रबंधानंतर चार दशकांहून अधिक काळाने.